वेबचे पान कसे विणले जाते?

सुरतेच्या डिंडोली भागात धुळे, नंदुरबार आणि जळगाव जिल्ह्यांतून आलेली पुष्कळ मराठी कुटुंबे राहतात. ज्यांच्या वडिलांची हयात यंत्रमागावर किंवा साड्यांच्या बाजारात गेली, अशा घरांतील मुले आज विचारतात, ‘रिॲक्टचा क्लास लावू की अँग्युलरचा?’ फी भरावयाची ती आईवडिलांनी. पण ह्या नावांचा अर्थ त्यांना कोणी सांगितलेला नसतो. तो समजावून घेण्याचा आज प्रयत्न करू.

वेबच्या पानाची तीन अंगे असतात. पानावर काय आहे हे एचटीएमएल सांगते. ते कसे दिसावे हे सीएसएस ठरविते. आणि वाचकाने बटण दाबले असता काय घडावे हे जावास्क्रिप्ट पाहते. अर्जातील चूक तेथल्या तेथे दाखविणे, रकमांची बेरीज करणे, ही कामे ह्या तिसऱ्या अंगाची. नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक ह्यांनी मे १९९५ मध्ये अवघ्या दहा दिवसांत ह्या भाषेचे पहिले रूप सिद्ध केले. १९९७ मध्ये तिचे मानक ठरले. आज कोणताही प्रमुख ब्राउझर घ्या, त्याला ही भाषा समजते.

मग फ्रेमवर्क म्हणजे काय, आणि ते लागते कशाला? समजा, साड्यांच्या एका व्यापाऱ्याचे पान आहे. गिऱ्हाइकाने एक साडी पिशवीत घातली. त्यासरशी पानावर तीन बदल व्हावयास हवेत. पिशवीवरचा आकडा वाढावा, बिलाची रक्कम बदलावी आणि शिल्लक नगांतून एक नग वजा व्हावा. साध्या जावास्क्रिप्टमध्ये ह्या तिन्ही जागा शोधून प्रत्येकीत नवा आकडा लिहिण्याची आज्ञा प्रोग्रामरला स्वतः द्यावी लागते. एक जागा विसरली की पान खोटे बोलू लागते. मोठ्या पानावर अशा जागा शेकड्यांनी असतात. तेथे माणसाची स्मरणशक्ती पुरी पडत नाही.

२००६ मध्ये आलेल्या जेक्वेरीने ह्या जागा शोधणे सोपे केले. पण एकही न विसरण्याची जबाबदारी प्रोग्रामरवरच राहिली. फेसबुकने २०१३ मध्ये सर्वांसाठी खुल्या केलेल्या रिॲक्टने कामाची पद्धतच बदलली. माहिती एके ठिकाणी ठेवा, आणि अमुक माहिती असता पान कसे दिसावे एवढेच लिहा. माहिती बदलली की रिॲक्ट पानाचे नवे चित्र आधी स्मरणात तयार करते, जुन्या चित्राशी ताडून पाहते आणि जेथे फरक आढळेल तेवढ्याच जागा पडद्यावर बदलते. शिवाय पान लहान लहान घटकांचे बनविता येते. साडीचा एक चौकोन एकदा लिहिला की तोच शंभर साड्यांना चालतो. गूगलचे अँग्युलर आणि इव्हान यू ह्यांनी २०१४ मध्ये आणलेले व्ह्यू ह्यांच्या रीती निराळ्या आहेत. परंतु माहिती आणि पडदा ह्यांचा मेळ आपोआप राहावा, हा हेतू सर्वांचा एकच आहे.

ह्या फ्रेमवर्कांभोवती अवजारांचा मोठा पसारा आहे. एनपीएम हे इतरांनी लिहिलेल्या आयत्या तुकड्यांचे कोठार होय. व्हीटसारखी अवजारे अनेक फाइली एकत्र बांधून, अनावश्यक भाग गाळून, गाठोडे लहान करतात. मायक्रोसॉफ्टने २०१२ मध्ये आणलेली टाइपस्क्रिप्ट आकड्याच्या जागी अक्षर पडल्यासारख्या चुका आधीच दाखविते.

आयत्या मालावर सर्वस्वी विसंबण्यात धोका कोणता, हे मार्च २०१६ मध्ये दिसले. एका नावाच्या वादावरून एका प्रोग्रामरने एनपीएमवरील आपले तुकडे काढून घेतले. त्यांपैकी ‘लेफ्ट-पॅड’ नावाचा तुकडा केवळ ११ ओळींचा होता. शब्दाच्या डाव्या बाजूला ठरावीक रिकाम्या जागा भरणे, एवढेच त्याचे काम. पण मोठमोठी आज्ञावली-कामे नकळत त्याच्यावर उभी होती, आणि जगभर ती अडली. काही तासांतच तुकडा परत ठेवण्यात आला. पुढे २०१७ च्या मानकात हीच सोय जावास्क्रिप्टच्या अंगभूत झाली.

फ्रेमवर्के बदलतातही. २०१० मधील अँग्युलरजेएसच्या जागी सप्टेंबर २०१६ मध्ये आलेले अँग्युलर मुळापासून नव्याने लिहिलेले होते. जुन्याचा अधिकृत पाठिंबा २०२१ च्या अखेरीस संपला. ज्यांनी केवळ जुन्याच्या रीती पाठ केल्या होत्या, त्यांना पुन्हा पहिल्या पायरीवर यावे लागले. ज्यांना भाषा येत होती, त्यांना नव्या रीती तेवढ्या शिकाव्या लागल्या. हे सुरतेत समजावून सांगण्याची गरज नाही. धोट्याच्या मागांशेजारी रॅपिअर आणि वॉटरजेट माग येऊन उभे राहिले, तेव्हा ज्याला ताणा, बाणा आणि धाग्याचा ताण कळत होता, तो कारागीर नव्या मागावरही उभा राहिला.

भाषा येणे म्हणजे काय, ह्याचे एक घरचे उदाहरण घेऊ. ‘डिंडोली’ ह्या नावात आपल्याला तीन अक्षरे दिसतात. जावास्क्रिप्टला त्याची लांबी विचारली तर ती सात सांगते. कारण ती वेलांट्या, मात्रा आणि अनुस्वार वेगळे मोजते. अर्जातील नावाच्या रकान्याला कोणी आठाची मर्यादा घातली, तर चार अक्षरांचे ‘ज्ञानेश्वर’ हे नाव टाइप करताना ‘ज्ञानेश्’ येथेच अडते. इंग्रजी नावांवर पारखलेला हा रकाना रिॲक्टमध्ये बांधा की अँग्युलरमध्ये, दोष तोच राहील. आपली अक्षरे आपल्या रीतीने मोजण्याची सोय ह्या भाषेतच आता उपलब्ध आहे. परंतु दोष कोठे आहे हे ओळखल्यावाचून ती शोधणार कोण? मराठी मुलगा किंवा मुलगी हा दोष चटकन ओळखू शकेल. मात्र तिला भाषेच्या आत शिरता आले पाहिजे.

आणखी एक विवेक हवा. फ्रेमवर्काचे ओझे वापरणाऱ्याच्या मोबाइलवर पडते. ते गाठोडे उतरवून घेऊन वाचल्यावाचून अनेकदा पडद्यावर काहीच उमटत नाही. स्वस्त मोबाइलवर हा विलंब जाणवतो. शाळेच्या सूचना किंवा गणेशोत्सव मंडळाचा कार्यक्रम दाखवावयाचा असेल, तर एचटीएमएल आणि सीएसएस पुरेशी आहेत. क्षणोक्षणी बदलणारी माहिती जेथे असेल, तेथे फ्रेमवर्काचा उपयोग खरा.

तेव्हा पालकांना इतकेच सुचवावेसे वाटते की, क्लासची फी भरण्यापूर्वी एक प्रश्न विचारावा: रिॲक्टच्या आधी साधी जावास्क्रिप्ट किती आठवडे शिकविणार? उत्तर टाळले गेले तर सावध व्हावे. एचटीएमएल, सीएसएस, जावास्क्रिप्ट आणि मग कोणतेही एक फ्रेमवर्क, हा क्रम धरावा. मोझिलाचे एमडीएन हे संदर्भस्थळ आणि रिॲक्टचे अधिकृत पाठ विनामूल्य आहेत. ते मुख्यतः इंग्रजीत आहेत, म्हणून रोज एक पान शब्दकोश जवळ घेऊन वाचण्याची सवय मुलांना लावावी. आज कृत्रिम बुद्धीची यंत्रे मागताक्षणी रिॲक्टच्या ओळी लिहून देतात. त्या बरोबर आहेत की नाहीत, हे सांगणाऱ्या माणसाची गरज त्यामुळे अधिकच वाढली आहे. साड्यांच्या त्या पानावरील तीन आकडे एकदा फ्रेमवर्कावाचून, आपल्या हातांनी बदलून दाखवील, त्या मुलाला खुशाल रिॲक्ट शिकू द्यावे.