झोळंबीच्या सड्यावर जायचं तर दिवाळीनंतर

पाटणच्या बाजारपेठेतून मान वर केली की चारी बाजूंना डोंगरच. पण त्यांचे माथे टोकदार नाहीत, सपाट आहेत. वर उघडा जांभा, त्यावर बोटभर माती. मोठं झाड तिथं मूळ धरत नाही. हेच सडे. वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्या आल्या. तिकडे चांदोली राष्ट्रीय उद्यानातला झोळंबीचा सडा मात्र गवताचा आणि गव्यांचा राहिला.

चांदोलीला १९८५ मध्ये अभयारण्याचा आणि २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. सुमारे ३१७ चौरस किलोमीटरचं हे रान सातारा, सांगली, कोल्हापूर आणि रत्नागिरी अशा चार जिल्ह्यांत पसरलंय. २०१० मध्ये कोयना अभयारण्यासह त्याचा सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. पाटणकरांना मात्र कराडमार्गे वळसा घालून शिराळा तालुक्यातल्या मणदूरला जावं लागतं. वन विभागाचा परवाना घेतल्याशिवाय आत सोडत नाहीत.

वाघ दिसेल या आशेनं आलेल्याची निराशाच होते. गवा मात्र दिसतो, तोही कळपानं. त्यामागे माणसांच्या विस्थापनाची गोष्ट आहे. वारणेवरचं धरण आणि पुढे अभयारण्य यांपायी इथली बरीच गावं उठली. जिथं भातखाचरं होती तिथं आता कुरणं आहेत. जुन्या बांधावर गवा चरत असतो आणि मागे गावदेवाचं देऊळ तसंच उभं असतं. पाटण तालुक्यातल्या मळे, कोळणे, पाथरपुंजचं पुनर्वसन तर वर्षानुवर्षं कागदावरच रेंगाळलं. पर्यटकाला हे सहसा कुणी सांगत नाही, सांगायला हवं.

सड्याचं खरं रूप पावसाळ्यात. जांभ्याच्या खळग्यांत पाणी साठतं, ऑगस्ट-सप्टेंबरात निळी सीतेची आसवं फुलतात. मातीत सत्त्व नाही, म्हणून ही एवढीशी वनस्पती पाण्यातले सूक्ष्म जीव पकडून पोट भरते. दवबिंदू तर चिकट थेंबांनी किडे धरते. पण नेमकं तेव्हाच उद्यान बंद! साधारण जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत दरवाजे उघडत नाहीत, आणि ते योग्यच आहे. देशातल्या सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांत पाथरपुंजचं नाव घेतलं जातं. त्या पावसात या कच्च्या रस्त्यांवर गाडी घालण्यात शहाणपण नाही.

पावसातच बाहेर पडायचं असेल तर पाटण तालुक्यातच सोय आहे. कोयनानगरजवळ नवजाला ओझर्डे धबधबा आहे. तारळ्याहून वर सडावाघापूरला कड्यावरून पडणारं पाणी वारा पुन्हा वर उधळतो. वारा पडला की तोच उलटा धबधबा मुकाट्यानं खाली कोसळतो. तिथं छत्री नेऊ नये, काड्याच हातात राहतात. आणि कड्याच्या टोकाला शेवाळ असतं, फोटो दहा पावलं मागूनही चांगला येतो.