आधी सांगाडा, मग इंधन

मुंबईच्या उपनगरात चार गाडीवेडे एकत्र आले की वाद कुठल्या वळणाने जाणार, हे आधीच सांगता येतं. एक म्हणतो, टाटाचा पत्रा जाड. दुसरा म्हणतो, पत्रा चाटायचाय का, सर्व्हिसचं बोल. तिसरा पक्का महिंद्रावाला. चौथ्याने नुकतीच सीएनजी गाडी काढलेली असते, त्यामुळे पंपावरच्या रांगेचा विषय निघू नये म्हणून तो मायलेजवरच बोलत राहतो. मध्यंतरी त्यात ई-20, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलची भर पडली आणि घाटकोपरच्या गॅरेजपासून मुलुंडच्या सोसायट्यांपर्यंत सगळेच रसायनशास्त्रज्ञ झाले. कंपनी कुठली आणि इंधन कुठलं, या दोन प्रश्नांत रात्र सरते. या दोन्हींचं उत्तर ज्यात दडलेलं असतं तो गाडीचा सांगाडा, म्हणजे प्लॅटफॉर्म, मात्र चर्चेत शेवटी येतो, तोही आलाच तर.

प्लॅटफॉर्म म्हणजे नुसती चेसिस नव्हे. गाडीचा तळ, चाकं आणि सस्पेन्शन जोडायच्या जागा, इंजिनाची बैठक, टाकीची जागा, टक्कर झाली तर धक्का कुठून कुठे जावा याचा आराखडा, हे सगळं त्यात येतं. फोक्सवॅगनने 2012 मध्ये आणलेल्या एमक्यूबी प्लॅटफॉर्ममध्ये एक अंतर पक्कं ठरवलेलं आहे: अ‍ॅक्सिलरेटरच्या पेडलपासून पुढच्या चाकाच्या मध्यापर्यंतचं. कारण गाडीच्या नाकातली सगळी महागडी मांडणी त्या टप्प्यात बसते. बाकी लांबी-रुंदी हवी तशी ताणता येते. याच एमक्यूबीचा भारतीय अवतार वापरून चाकणमध्ये कुशाक, टायगुन, स्लाव्हिया आणि व्हर्टस अशा गाड्या बनतात. स्कोडावाले आणि फोक्सवॅगनवाले एकमेकांशी भांडतात तेव्हा ते सख्ख्या भावंडांवरून भांडत असतात.

हा विषय उपनगरांना तसा नवा नाही. वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना कुर्ल्याचा. तिथे तयार झालेली फियाट 1100 इटलीत 1953 साली आली तीच मोनोकॉक म्हणून, म्हणजे वेगळी चेसिस नाही, पत्र्याचं अंगच भार पेलतं. तिकडे कांदिवलीच्या आकुर्ली रस्त्यावर महिंद्राचा कारखाना. महिंद्राने 1947 पासून जुळवायला घेतलेली विलिस जीप नेमकी उलट जातीची: खाली पोलादी शिडीसारखी लॅडर फ्रेम आणि तिच्यावर बोल्टने बसवलेलं अंग. दोन विचारधारा, एकाच शहराची दोन उपनगरं. जीपच्या फ्रेमवर पुढे प्यूजोचं डिझेल इंजिन बसलं आणि कुणाला फारसं काही वाटलं नाही, कारण लॅडर फ्रेम सहनशील असते. मोनोकॉकला असं वागवून चालत नाही. तिथे प्रत्येक भोक, प्रत्येक वाढीव किलो हिशेबात धरावा लागतो.

तरीही फियाटने खूप सोसलं. 1974 पासून प्रीमियर पद्मिनी या नावाने धावलेल्या त्या सांगाड्यात 1089 सीसीचं पेट्रोल इंजिन होतं, नव्वदच्या दशकात डिझेलही आलं आणि सन 2000 च्या सुमारास मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशांमुळे जुन्या टॅक्सींना सीएनजी किट बसू लागली. ज्या गाडीच्या आराखड्यात गॅस नावाची गोष्टच नव्हती, तिच्यात सिलिंडर बसणार कुठे? डिकीत. आणि डिकीतलं सामान? ते टपावरच्या कॅरियरवर. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीची छबी सिनेमावाल्यांनी अमर केली; सीएनजीनंतर तिच्या टपावर चढलेलं सामान हे इंधन आणि सांगाडा यांच्या न जमलेल्या सोयरिकीचं फळ आहे. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2003 मध्ये नोंदवली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपून 2023 च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून गेली.

सीएनजीला एवढी जागा का लागते, याचं उत्तर साध्या आकड्यांत आहे. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे 32 मेगाज्यूल ऊर्जा असते. 200 बार दाबाखाली, म्हणजे हवेच्या दाबाच्या दोनशेपट दाबाखाली कोंबलेल्या एक लिटर सीएनजीत जेमतेम आठ-नऊ. वजनाला गॅस पेट्रोलपेक्षा सरस, आकारमानाला चौपट वाईट. त्यामुळे 60 लिटरची टाकी डिकी खाते आणि तरी नऊ-दहा किलोवर जात नाही.

अंधेरीच्या कुठल्याही सीएनजी पंपावर पाच मिनिटं उभं राहून बघा. रिक्षा आली की आधी प्रवासी खाली उतरतात. पंपावरचा पोऱ्या सिलिंडरची पाटी बघतो, कारण दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट करावी लागते आणि तारीख उलटली असेल तर गॅस मिळत नाही. मग नोझल, फुस्स आवाज आणि काटा चढू लागतो. दाबाखाली झपाट्याने शिरणारा गॅस सिलिंडरमध्ये तापतो, तापला की पसरू पाहतो आणि काटा 200 ला टेकतो तेव्हा आत खरं तर गॅस कमीच गेलेला असतो. गार झाल्यावर काटा खाली येतो. 'पहाटे भरला तर जास्त जातो' असं रिक्षावाले सांगतात ती अंधश्रद्धा नाही. पहाटे हवा गार, पंपावर गर्दी कमी आणि दाब पूर्ण, असे तीनही योग जुळतात.

आता इंजिनाकडे. मिथेनचा ऑक्टेन आकडा 120 च्या वर, पेट्रोलचा नव्वदीत. म्हणजे सीएनजी जास्त दाब सोसतो, ठोके न मारता जळतो आणि त्याच्यासाठी खास बनवलेल्या इंजिनात अधिक कार्यक्षम ठरू शकतो. पण आपल्या गाड्या दोन्ही इंधनांवर चालायच्या असतात, म्हणून इंजिनाचा कॉम्प्रेशन रेशो पेट्रोलला झेपेल एवढाच ठेवतात. वर गॅस इंजिनाच्या सिलिंडरमध्ये हवेची जागा अडवतो, साधारण दहा टक्के. पिकअप गेला म्हणून लोक गॅसला शिव्या देतात. शिवी खरी तडजोडीला द्यायला हवी. टाटाने 2023 मध्ये अल्ट्रोझमध्ये 60 लिटरच्या एका सिलिंडरऐवजी 30-30 चे दोन डिकीच्या तळाखाली आडवे बसवले आणि स्टेपनी गाडीच्या पोटाखाली नेली. इंधन तेच, गॅस तेवढाच, पण डिकी परत मिळाली. बजाजने जुलै 2024 मध्ये आणलेल्या फ्रीडम 125 या सीएनजी मोटरसायकलमध्ये सिलिंडर सीटखाली चौकटीतच गुंफलाय. सांगाड्याचा विचार आधी केला की असं होतं.

गॅसची दुसरी कमजोरी गाडीबाहेरची आहे. नोव्हेंबर 2025 मध्ये ट्रॉम्बेच्या आरसीएफ खत कारखान्याच्या आवारात गेल कंपनीची मुख्य गॅसवाहिनी फुटली, महानगर गॅसच्या वडाळ्याच्या केंद्राकडे येणारा पुरवठा आटला आणि उपनगरांतल्या रिक्षा थांबल्या. एका नळावर अख्खं गाव अवलंबून असावं, तसा प्रकार.

ई-20 बद्दलचा गोंगाट मात्र निम्मा खरा, निम्मा उगाच. इथेनॉलमध्ये लिटरला 21 मेगाज्यूल ऊर्जा, पेट्रोलच्या दोन-तृतीयांश. वीस टक्के मिसळलं की लिटरमागे सहा-सात टक्के ऊर्जा घटणार, हे गणित आहे, मत नव्हे. नीती आयोगाच्या 2021 च्या आराखड्यातही जुन्या चारचाकींसाठी सहा-सात टक्के आणि ई-20 साठी जुळवलेल्या गाड्यांसाठी एक-दोन टक्के घट धरली होती. हा फरक येतो कुठून? इथेनॉलचा ऑक्टेन आकडा 108 च्या आसपास. इंजिन त्यासाठी जुळवलं, तर कमी ऊर्जेतून जास्त काम काढता येतं. जुन्या इंजिनाला ही संधीच नसते. कार्ब्युरेटरची तर पंचाईतच. एक किलो पेट्रोल जळायला 14.7 किलो हवा लागते, इथेनॉलला नऊ. इंजेक्शनवाल्या गाडीत ऑक्सिजन सेन्सर हे ओळखून इंधन वाढवतो. पद्मिनीचा कार्ब्युरेटर बिचारा जुन्याच मापाने ओतत राहतो, इंजिन तापतं, रबरी नळ्या फुगतात. शिवाय इथेनॉल पाणी ओढतं आणि आपल्याकडे पावसाळा चार महिने. हौसेने जुनी फियाट सांभाळणाऱ्यांनी रबर बदलून घ्यावं आणि टाकी भरून गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवू नये. एप्रिल 2023 नंतरची गाडी असणाऱ्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवरचे व्हिडिओ बघून झोप घालवायचं कारण नाही.

विजेवरच्या गाडीत सांगाड्याचं महत्त्व सर्वांत उघड दिसतं. 79 किलोवॉट-तासांची बॅटरी ही महिंद्राच्या बीई 6 मधली मोठी बॅटरी. तिच्यात ऊर्जा किती? सुमारे नऊ लिटर पेट्रोलएवढी. बस्स. तरी प्रमाणपत्रावर पल्ला साडेसहाशे किलोमीटरच्या वर, कारण मोटर मिळालेल्या ऊर्जेतला नव्वद टक्क्यांच्या आसपास भाग चाकांना देते आणि पेट्रोल इंजिन तीन-चतुर्थांश उष्णतेत घालवतं. वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर गोरेगावच्या पुढे तुंबलेल्या गर्दीत पेट्रोल इंजिन उभ्या-उभ्या जळतं, मोटर थांबलेली असते आणि ब्रेक मारल्यावर थोडी वीज परतही मिळवते. पण एवढी बॅटरी ठेवायची कुठे? 2020 ची नेक्सॉन ईव्ही पेट्रोल गाडीच्याच प्लॅटफॉर्मवर होती, म्हणून 30.2 किलोवॉट-तासांवर भागवावं लागलं. महिंद्राचा इंग्लो किंवा टाटाचा अ‍ॅक्टी डॉट ईव्ही हे मुळातच विजेसाठी काढलेले प्लॅटफॉर्म. त्यात बॅटरी म्हणजेच गाडीचा तळ.

आता पत्र्याचं. डिसेंबर 2022 मध्ये ग्लोबल एनकॅपच्या टक्कर-चाचणीत मारुतीच्या स्विफ्टला एक तारा मिळाला. नोव्हेंबर 2024 मध्ये त्याच हार्टेक्ट प्लॅटफॉर्मच्या घराण्यातल्या नव्या डिझायरला पाच. पत्रा बोटाने ठोकून यातलं काहीही कळलं नसतं. आणि हो, प्लॅटफॉर्मचं नाव वाचूनही कळलं नसतं. त्यात कुठे कसलं पोलाद घातलं, किती एअरबॅग दिल्या, हे विचारावं लागतं. माझ्या लाडक्या सिद्धान्तालाही ही मर्यादा आहे.

मग उपनगरात राहणाऱ्याने घ्यावं काय? रोज बोरिवली ते अंधेरी जाऊन-येऊन तीसेक किलोमीटर, ज्याला पार्किंगमध्ये प्लग मिळतो त्याने विजेसाठीच बनवलेली गाडी घ्यावी. प्लग मिळत नसेल, तर बाजारातून किट बसवून घेण्यापेक्षा कंपनीचीच सीएनजी घ्यावी. विजेच्या गाडीला पंधरा अँपिअरच्या साध्या सॉकेटवरून रात्रभरात पंचवीसेक युनिट मिळतात, म्हणजे शंभर-दीडशे किलोमीटरची सोय. अडतं ते बहुतेकदा त्या सॉकेटवर: मीटर कुणाच्या नावाने, केबल कुठून न्यायची, सोसायटीचा मंजूर लोड पुरेल का. या प्रश्नांची उत्तरं शोरूममध्ये मिळत नाहीत. गाडी बुक करण्याआधी सेक्रेटरीला पत्र द्या आणि पुढच्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेत चार्जिंगचा मुद्दा घालून घ्या.