भाजीच्या वाफ्यात तेल नको

इंजिनाचे, ट्रॅक्टरचे जळके ऑईल बदलावे लागते. ते काळे ऑईल आपण कुठे ओततो? बांधावर, नाही तर पाटाच्या कडेला. म्हणतो, "माती शोषून घेईल." माती शोषून घेते, हे खरे. पण तेल मातीत मुरले म्हणजे पुढे काय होते?

याचे एक मोठे उदाहरण ऐका. आफ्रिकेत नायजेरिया नावाचा देश आहे. तेथे ओगोनी लोक शेती व मासेमारी करतात. त्यांच्या मुलखात जमिनीखाली खनिज तेल सापडले. पुढे तेलाचे नळ फुटले, तेल शेतांत पसरले. १९९३ साली तेल काढणे थांबले. पण २०११ साली संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण संस्थेने तपासणीचा अहवाल दिला. कित्येक ठिकाणी तेल पाच मीटर, म्हणजे सोळा फुटांहून खोल गेले होते! आपला साबुदाणा ज्या कंदापासून होतो, तो कसावा हे तेथले मुख्य अन्न. तेल पसरलेल्या शेतातला कसावा खाण्याच्या लायकीचा राहत नाही, असे अहवालात म्हटले आहे.

आता आपल्या वाफ्याकडे वळू. जळक्या ऑइलात इंजिनाच्या झिजेचे धातू असतात. शिसे, कॅडमियमही असू शकते. कर्करोग करणारी द्रव्येही असतात. कॅडमियम मुळांवाटे पानांत चढते. बाकीचे विष बहुधा मातीला चिकटून राहते. पावसाने तीच माती पालेभाजीवर उडते. मुळा, रताळे तर मातीतच वाढतात. म्हणून पालेभाजी आणि कंद यांना धोका जास्त.

अशी भाजी खाऊन लगेच कोणी आडवे पडत नाही. चवही नेहमीचीच लागते. तिथेच तर फसगत होते! शिसे अंगात साठत जाते. लहान मुलांच्या बुद्धीला ते मारक असते. कॅडमियम मूत्रपिंडे बिघडवते. भाजी धुवावी, कंदाची साल काढावी, त्याने वरची माती जाते. पण आत शिरलेले विष धुऊन जात नाही, शिजवूनही जात नाही.

मग करायचं काय? ऑईल बदलताना खाली घमेले ठेवावे. ऑईल डब्यात भरून, परवाना असलेल्या ऑईलवाल्याला द्यावे. थोडे सांडले, तर तेवढी माती लगेच खरवडून काढावी. ती विहिरीपासून दूर, झाकून ठेवावी. जेथे वर्षानुवर्षे ऑईल ओतले, तेथे भाजी लावू नये. शेणखत घालून जमीन खणत राहिल्यास मातीतले सूक्ष्म जीव तेल हळूहळू खातात. पण धातू तसेच राहतात. त्या जागी झेंडू लावावा.

मंडळी, जमीन आपल्याला खायला घालते. तिच्या पोटात जे घालू, तेच आपल्या ताटात येईल.