जनरेटर सतराव्या मजल्यावर, डिझेल तळघरात

29 ऑक्टोबर 2012च्या रात्री ‘सँडी’ चक्रीवादळामुळे समुद्राचं पाणी न्यूयॉर्कमधल्या मॅनहॅटनच्या दक्षिण टोकात शिरलं. तिथे 75, ब्रॉड स्ट्रीट या इमारतीत ‘पीअर वन’ कंपनीचं डेटा सेंटर होतं. शहराची वीज गेली आणि ठरल्याप्रमाणे जनरेटर सुरू झाला. जनरेटर होता सतराव्या मजल्यावर, पाण्यापासून सुरक्षित. पण डिझेलची मोठी टाकी आणि ते वर चढवणारे पंप तळघरात होते, आणि तळघर बुडालं. मग कंपनीचे कर्मचारी आणि तिथे सर्व्हर ठेवलेल्या ‘स्क्वेअरस्पेस’ व ‘फॉग क्रीक’ची माणसं जिन्यात रांग करून उभी राहिली. बादल्या हातोहात सतरा मजले वर जाऊ लागल्या. त्या माणसांच्या जिद्दीने सर्व्हर चालू राहिले. जवळच्याच व्हाइटहॉल स्ट्रीटवरच्या दुसऱ्या डेटा सेंटरचं तळघरही असंच बुडालं आणि ‘हफिंग्टन पोस्ट’सारखी संकेतस्थळं बंद पडली.

एखादी पतसंस्था, रुग्णालय किंवा छोटा कारखाना डेडिकेटेड सर्व्हर, म्हणजे फक्त आपल्या कामासाठीचं अख्खं यंत्र, भाड्याने घेतो तेव्हा ही गोष्ट मला आवर्जून सांगावीशी वाटते. प्रोसेसर कोणता, मेमरी किती, महिन्याचं भाडं किती, यावर भरपूर घासाघीस होते. ते यंत्र कुठल्या इमारतीत उभं राहणार, हे मात्र क्वचितच विचारलं जातं. डेडिकेटेड सर्व्हर एकाच इमारतीतल्या एकाच रॅकमध्ये असतो. त्या इमारतीचं जे होईल, तेच त्याचं होतं.

इमारतीचं पहिलं काम विजेचं. मुख्य वीज गेली की बॅटऱ्या भार पेलतात. त्यांना काही मिनिटंच तग धरायचा असतो, तेवढ्यात डिझेल जनरेटरने सूत्रं हाती घ्यायची असतात. दुसरं काम गारव्याचं. सर्व्हरमध्ये गेलेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते. पाच किलोवॅट वीज खाणारा रॅक म्हणजे एक-एक किलोवॅटचे पाच हीटर रात्रंदिवस चालू ठेवण्यासारखं आहे. त्यामुळे वीज असूनही गारवा बंद पडला, तर थोड्याच वेळात यंत्रं आपोआप बंद होऊ लागतात. म्हणून जनरेटरवर फक्त सर्व्हर चालतात की एसीची यंत्रणाही, हे विचारायलाच हवं.

‘अपटाइम इन्स्टिट्यूट’ ही संस्था डेटा सेंटरची चार टियरमध्ये वर्गवारी करते. तिसऱ्या टियरमध्ये वीज किंवा गारव्याच्या यंत्रणेचा कुठलाही भाग दुरुस्तीला काढला तरी सर्व्हर बंद करावे लागत नाहीत. चौथ्यात अचानक बिघाड झाला तरी काम चालू राहतं. जाहिरातीतले टक्केही नीट वाचावेत. 99.9 टक्के म्हणजे वर्षाला पावणेनऊ तास बंद, 99.99 टक्के म्हणजे सुमारे 53 मिनिटं.

अंतराचं गणित सोपं आहे. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबईहून न्यूयॉर्क सरळ रेषेत साडेबारा हजार किलोमीटर. जाऊन येण्यालाच किमान 125 मिलिसेकंद लागतात, आणि केबल सरळ रेषेत जात नाही. वापरणारे पुण्यात आणि नाशकात असतील तर सर्व्हर महाराष्ट्रात असलेलाच बरा. समुद्राखालून येणाऱ्या अनेक केबल मुंबईच्या किनाऱ्यावर उतरतात. ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात डेटा सेंटर दाटीने उभी राहिली, त्यामागचं हे एक मोठं कारण.

पण हाच प्रदेश 26 जुलै 2005चा आहे. त्या दिवशी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला. 12 ऑक्टोबर 2020ला मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज एकाच वेळी गेली. इथे जागा घेऊच नये, असं मी म्हणणार नाही. मात्र पुराची पातळी, विजेच्या दोन वाटा खरोखर वेगवेगळ्या उपकेंद्रांतून येतात का, आणि डिझेल किती तासांचं, याची उत्तरं लेखी घ्यावीत.

आणि आग. 10 मार्च 2021ला फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्ग इथे ‘ओव्हीएच’ कंपनीची पाच मजली इमारत जळून गेली. तिथे आग आपोआप विझवणारी यंत्रणा नव्हती, हे पुढे अग्निशमन दलाच्या अहवालातून समोर आलं. लाखो संकेतस्थळं बंद पडली. ज्यांनी बॅकअप दुसऱ्या शहरात ठेवला होता ते सावरले; ज्यांचा बॅकअपही त्याच आवारात होता, त्यांतल्या काहींचा डेटा कायमचा गेला. जागा कितीही चांगली निवडली, तरी एक प्रत काही शे किलोमीटर दूर, दुसऱ्या शहरात हवीच. तिचा खर्च सर्व्हरच्या भाड्यासोबतच अंदाजपत्रकात धरावा.

करारावर सही करण्याआधी एकदा स्वतः तिथे जा. सर्व्हरची खोली सगळेच दाखवतात. तुम्ही डिझेलची टाकी आणि पंप दाखवायला सांगा, आणि जनरेटर पूर्ण भारावर शेवटचा कधी चालवला होता, त्याची नोंदवही मागा.