पारगावच्या पुलावरून भीमा

केडगाव चौफुल्यावरून न्हावऱ्याकडे निघालं की पारगावला भीमेवरचा पूल लागतो. अलीकडे दौंड तालुका, पलीकडे शिरूर. दोन्ही काठांना ऊस. उन्हाळ्यात पुलावरून खाली वाकून पाहिलं तर नवख्या माणसाला नदी सापडायला वेळ लागतो. या काठापासून त्या काठापर्यंत जलपर्णी, तिला जांभळे तुरे. दृश्य देखणं आहे, वास येईपर्यंत.

पुलाच्या वरच्या अंगाला, रांजणगाव सांडस आणि वाळकीजवळ, मुळा-मुठा भीमेला मिळते. या दोन नद्यांमधला पट्टा म्हणजे राहू बेट. काळी जमीन, बारमाही बागायत, हंगामात गुऱ्हाळांचा धूर. संगमावर येईपर्यंत दोन्ही नद्यांनी बरंच काही पोटात घेतलेलं असतं. पवना पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी घेऊन दापोडीला मुळेत उतरते, मुळा पुण्यात मुठेला मिळते आणि तो सगळा ऐवज थेऊरच्या चिंतामणीवरून खाली येतो. भीमेची बाजूही कोरी नाही. तुळापूरला तिच्यात इंद्रायणी येते, आळंदीच्या घाटावर फेस दाखवून आलेली. शिरूरची वेळ नदी तर लहानशी, पण केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये देशभरातल्या ३५१ प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी केली, तिच्यात न्हावरे ते शिक्रापूर हा वेळेचा तुकडाही आहे.

इथली भीमा वर्षातले आठ महिने खरं तर नदी नसतेच. पावसाळा सरला की कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांना ढापे टाकतात आणि नदीचे एकामागून एक लांबट तलाव होतात. बंधारे नसते तर हा ऊस नसता, हे दोन्ही तालुके जाणतात. पण ढापे बसले की प्रवाह थांबतो, आणि थांबलेल्या पाण्यात मैल्यातला नत्र-स्फुरद असला की जलपर्णीला आणखी काही लागत नाही. अनुकूल हवेत ती पंधरवड्याच्या आसपास दुप्पट होते. एका रोपाला आडवे धुमारे फुटतात, त्यांना नवी रोपं. शिवाय बी गाळात वीस वर्षंसुद्धा जिवंत राहतं. खाली प्राणवायू संपतो, वर डास वाढतात. शेतकऱ्याचा फूटवाल्व तंतुमुळांनी भरतो आणि मोटर बंद करून त्याला पाण्यात उतरावं लागतं. अंगाला खाज सुटते ती वेगळी.

ही वनस्पती दक्षिण अमेरिकेतली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती शोभेची म्हणून बंगालमध्ये आली आणि १९३६ साली तिच्याविरुद्ध तिथे स्वतंत्र कायदा करावा लागला. तिला खाणारे सोंडकिडे बंगळूरच्या बागायती संशोधन संस्थेने १९८२ मध्ये परदेशातून आणले. बंदिस्त तळ्यांत त्यांनी काम केलंही. भीमेवर मात्र दरवर्षी पूर येतो, पर्णीचे ताटवे उचलून नेतो आणि त्यांच्यावरचे किडेही घेऊन जातो.

मग दोष कोणाचा? पुण्याकडे बोट दाखवणं सोपं आहे, आणि ते बरंचसं खरंही आहे. पण नुसतं ‘शहर घाण सोडतं’ एवढ्यावर ही गोष्ट संपत नाही. हे पाणी चोरून आलेलं नाही, ते हिशेबात धरलेलं आहे. खडकवासला साखळीतली चार धरणं मिळून सुमारे २९ टीएमसी. त्यातलं पुण्याचं पिण्याचं पाणी वाढत गेलं तसं शेतीचं कमी झालं. त्यावर तोडगा असा निघाला, की महापालिकेने वर्षाला साडेसहा टीएमसी सांडपाणी प्रक्रिया करून मुंढव्याच्या जॅकवेलमधून बेबी कालव्यात सोडायचं आणि हवेली-दौंडच्या शेतकऱ्यांनी ते वापरायचं. थोडक्यात, शहराने धरणातलं प्यायचं आणि परत केलेलं गावाने रानात घ्यायचं. याच दौंड तालुक्यात १८७६-७७ च्या दुष्काळात रोजगार म्हणून खोदलेला माटोबा तलाव आहे. तो मुठेच्या उजव्या कालव्याच्या पाण्यावर भरायचा होता. त्या काळच्या इंजिनिअरांना या कालव्याच्या पट्ट्यात पुढे काय वाहील याची कल्पना नसणार.

पुण्यासाठी सांडपाण्याचे अकरा नवे प्रकल्प जपानी कर्जातून मंजूर झाले. कर्जाचा करार जानेवारी २०१६ चा, पायाभरणी मार्च २०२२ ची. मधली सहा वर्षं नदी वाहतच होती. आणि सगळे प्रकल्प उद्या पूर्ण क्षमतेने चालले तरी जलपर्णी जाईल, असं समजू नये. नेहमीच्या पद्धतीच्या प्रक्रियेत पाण्यातली सेंद्रिय घाण उतरते, नत्र आणि स्फुरद मात्र बरंचसं तसंच पुढे जातं. त्यात काठच्या उसाला घातलेल्या युरिया-डीएपीचा निचरा मिसळतो. या दुसऱ्या बाबीबद्दल राहू बेटात फारसं कोणी बोलत नाही. बोलायला हवं. वाटा शहराइतका नाही, पण शून्यही नाही. दौंड शहराचं सांडपाणी आहे, कुरकुंभच्या रासायनिक कारखान्यांबद्दल आसपासच्या गावांच्या जुन्या तक्रारी आहेत. स्वतः दौंड भीमेच्या काठावर वसलेलं असून पिण्याचं पाणी खडकवासल्याच्या कालव्यातून घेतं. भीमेबद्दलचं त्याचं मत यातच आलं.

पावसाळ्यात ढापे निघाले की सगळी पर्णी सिद्धटेकवरून उजनीत उतरते. १९८० साली पूर्ण झालेलं, ११७ टीएमसीचं हे धरण माढा तालुक्यात, पण त्याचा फुगवटा दौंडच्या खानोटा-राजेगावपर्यंत येतो. इथे उपऱ्यांची दुसरी जमात भेटते, माशांची. प्रत्येकाचा आणणारा वेगळा. चिलापी १९५२ मध्ये सरकारी मत्स्यतज्ज्ञांनीच देशात आणली, गरिबाला स्वस्त मासा मिळावा म्हणून. आज उजनीच्या जाळ्यात तिचाच भरणा असतो, वाम-मरळ मागे पडले. तरी तिला नुसती शिवी देऊन चालणार नाही, भिगवणच्या कितीतरी कोळ्यांची चूल तिच्यावरच पेटते. सकर मासा हौशी लोकांच्या काचेच्या पेटीतून निसटलेला, ना खायचा ना विकायचा, काटेरी अंगाने जाळी फाडणारा. आफ्रिकन मांगूर मात्र बंदी असूनही वाढवला गेला. केंद्राची बंदी २००० सालापासूनची, हरित लवादाचा आदेश २०१८ चा. तरी उजनीच्या काठावर शेततळी खोदून तो पोसला गेला आणि मत्स्यव्यवसाय विभागाला तळ्यांवर जाऊन तो नष्ट करावा लागला. घाण पाण्यात तो तगतो, आणि तळं फुटलं तर थेट धरणात. हा गुन्हा पुण्याच्या माथी मारता येत नाही.

जलपर्णी काढायची कोणी, यावर मात्र एकमत नाही. बंधारा जलसंपदा विभागाचा, पाण्याचा दर्जा प्रदूषण मंडळाचा, सांडपाणी महापालिकेचं, आणि डास ग्रामपंचायतीचे. पुण्याच्या हद्दीत पर्णी काढायच्या निविदा निघतात, हद्दीबाहेर ग्रामपंचायतीला पोकलेनचं भाडंही परवडत नाही. सांडपाणी पाठवणाऱ्याला त्याची किंमत मोजावी लागत असेल, तर ती किंमत पारगाव, वाळकी, रांजणगाव सांडस इथल्या नदीवर खर्च व्हायला हवी. साडेसहा टीएमसीचा हिशेब करारात बसू शकतो, तर पर्णी काढण्याचा खर्चही त्याच करारात बसू शकतो. सोलापूर शहर उजनीचंच पाणी पितं, तेव्हा ही मागणी फक्त शिरूर-दौंडची राहायचं कारण नाही.