बुधवारी कुत्र्याला कोण फिरवणार?

सीमा सुरक्षा दलाच्या ‘रिया’नं मुधोळ हाउंडचं नाव घरोघरी पोहोचवलं. अखिल भारतीय पोलीस ड्यूटी मीटमध्ये शंभराहून अधिक विदेशी जातींच्या कुत्र्यांना मागे टाकून तिनं बाजी मारली. ऑक्टोबर २०२५च्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनी तिचं कौतुक केलं आणि त्याच महिन्याच्या अखेरीस एकतानगरच्या संचलनात देशी कुत्र्यांची तुकडी दिमाखात चालताना साऱ्या देशानं पाहिली. पहाटे धावायला जाणाऱ्या, सायकल मारणाऱ्या, दर रविवारी गड चढणाऱ्या मंडळींना आता साहजिकच प्रश्न पडलाय : आपल्यासारख्यांनी मोठा कुत्रा पाळायचा तर कोणता? मुधोळ आणावा का?

उत्तर सरसकट ‘हो’ नाही. रिया टेकनपूरच्या प्रशिक्षण केंद्रात घडली. तिथं कुत्र्यामागे स्वतंत्र हँडलर असतो आणि रोजचा सराव चुकत नाही. सदनिकेत राहणाऱ्या, सकाळी नऊला घर सोडून रात्री आठला परतणाऱ्या माणसाकडे तीच रिया असती, तर तिनं पहिल्या महिन्यात सोफा फाडला असता. ट्रेक रविवारी असतो, पण कुत्र्याला बुधवारीही फिरायचं असतं. जात निवडताना विचार त्या बुधवारचा करायला हवा.

दुसरी गल्लत आकाराची. मोठा कुत्रा म्हणजे दमदार कुत्रा, अशी समजूत पक्की आहे. सेंट बर्नार्ड साठ-सत्तर किलोंचा भरतो, पण त्याला घेऊन सिंहगड चढायचा विचारही करू नये. ग्रेट डेन एकेकाळी रानडुकरांच्या शिकारीसाठी पोसला जाई. आजचा ग्रेट डेन शांत, सुस्त आणि जेमतेम सात ते दहा वर्षांचं आयुष्य लाभलेला. याउलट दिवसचे दिवस धावू शकणारा सायबेरियन हस्की वजनानं मध्यम, सोळा ते सत्तावीस किलोंचा. १९२५ साली अलास्कातल्या नोम गावात घटसर्पाची साथ आली, तेव्हा प्रतिविष नेणाऱ्या बर्फगाड्या ओढणारे बाल्टो आणि टोगो याच जातीचे.

हस्कीचं नाव निघालंच आहे, तर स्पष्ट सांगायला हवं. महाराष्ट्रात हस्की आणू नये. त्याच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. तो पंजांच्या गाद्यांपुरता. उष्णता बाहेर टाकायची ती धापा टाकूनच, म्हणजे जिभेवरच्या ओलाव्याचं बाष्पीभवन करून. मुंबई-कोकणच्या दमट हवेत ते बाष्पीभवनच मंदावतं. ब्रिटनमधल्या पशुवैद्यकांच्या नोंदींवरून २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एक ठळक गोष्ट पुढे आली. बंद गाडीत कोंडलेल्या कुत्र्यांच्या बातम्या आपण वाचतो, पण उष्म्यानं आजारी पडलेल्या कुत्र्यांपैकी जवळपास तीन चतुर्थांश व्यायाम करताना किंवा त्यानंतर लगेच कोसळले होते. ब्रिटनच्या हवेत ही गत, तर नागपूरच्या मे महिन्यात काय होईल? मालक थांबल्याशिवाय इमानी कुत्रा थांबत नाही, हे यातलं सर्वात मोठं संकट आहे. उन्हाळ्यात पळायचं तर सूर्य उगवायच्या आत. हाताचा तळवा उलटा करून डांबरावर सात सेकंद ठेवून पाहावा. आपल्याला सोसत नसेल, तर कुत्र्याच्या पंजालाही सोसणार नाही.

मग लॅब्रेडॉर? भारतीय घरांची ही सर्वात लाडकी मोठी जात. पोहायला तयार, चढायला तयार, मुलांशी खेळायला तयार. अडचण पोटाची. केंब्रिज विद्यापीठातल्या एलेनॉर रॅफन या पशुवैद्यक संशोधिकेनं २०१६ मध्ये दाखवून दिलं, की सुमारे एक चतुर्थांश लॅब्रेडॉरमध्ये ‘पॉम्क’ या जनुकाचा तुकडाच गळालेला असतो. त्यामुळे ‘पोट भरलं’ हा निरोप मेंदूपर्यंत नीट पोहोचत नाही. रॅफन यांच्याच गटानं २०२४ मध्ये त्यात भर घातली : असे कुत्रे विश्रांतीच्या वेळी ऊर्जाही सुमारे २५ टक्के कमी जाळतात. म्हणजे भूक जास्त आणि खर्च कमी. ‘आमचा लॅब खादाड आहे’ असं हसून सांगणाऱ्या मालकांनी हे संशोधन मनावर घ्यावं. त्या कुत्र्याला खरोखरच सतत भूक लागलेली असते आणि ताटातली पोळी काढून देणारं प्रेम त्याच्या गुडघ्यांवर आणि खुब्यांवर बसतं. बरगड्यांवरून हलका हात फिरवल्यावर एकेक बरगडी बोटांना लागली पाहिजे. लागत नसेल तर आधी वाटी लहान करावी आणि धावण्याचा बेत मागाहून आखावा.

डॉबरमनचं दुखणं याहून गंभीर आहे. एकोणिसाव्या शतकात जर्मनीतल्या आपोल्डा गावच्या एका करवसुली करणाऱ्या गृहस्थानं स्वतःच्या रक्षणासाठी घडवलेली ही जात धावपटूचा देह घेऊनच जन्मते. पण युरोपातल्या २०१०च्या एका मोठ्या पाहणीत निम्म्याहून जास्त डॉबरमनना आयुष्यात कधी ना कधी हृदयाचा स्नायू पसरट आणि दुबळा होण्याचा विकार जडल्याचं दिसलं. हा रोग बराच काळ लक्षणं दाखवत नाही. धावता धावता कुत्रा एकाएकी कोसळतो. ज्याला डॉबरमनच हवा, त्यानं तो तीन-चार वर्षांचा झाल्यापासून दरवर्षी हृदयाची सोनोग्राफी आणि ईसीजी करण्याची तयारी ठेवावी. तो खर्च परवडणार नसेल, तर कुत्राही परवडणारा नाही.

इथवर जातीबद्दल बोलणं झालं ते शरीरापुरतं : केस, खुबे, हृदय. स्वभावाचं गणित मात्र वेगळं आहे. अमेरिकेतल्या एलिनॉर कार्लसन यांच्या गटानं १८ हजारांहून जास्त कुत्र्यांच्या मालकांकडून माहिती घेतली, दोन हजारांहून जास्त कुत्र्यांची जनुकं वाचली आणि २०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात निष्कर्ष मांडला : एका कुत्र्याचं वागणं दुसऱ्यापेक्षा वेगळं का, याचा जेमतेम नऊ टक्के उलगडा जातीवरून होतो. माणसाचं ऐकण्याची वृत्ती जातीशी त्यातल्या त्यात जास्त जोडलेली दिसली. कुत्रा चिडका निघेल की नाही, हे जातीवरून सांगणं जवळपास अशक्य ठरलं. आपल्याकडे मार्च २०२४ मध्ये केंद्रानं रॉटवायलर, केन कोर्सोसह २३ जातींना आक्रमक ठरवून त्यांची विक्री आणि परवाने थांबवण्याचं पत्र राज्यांना धाडलं होतं. ते कर्नाटक आणि दिल्ली उच्च न्यायालयांत पुढच्याच महिन्यात बारगळलं. सरसकट बंदीपेक्षा पैदास करणाऱ्यांवर नजर ठेवणं कठीण, पण खरं काम तेच आहे.

आता मुधोळ. मराठवाड्यात याला ‘कारवान’ म्हणतात. कान-शेपटीला झुपकेदार केस असले की तो ‘पश्मी’. लातूर-नांदेडकडच्या लोकांना त्याची नव्यानं ओळख करून द्यायची गरज नाही. नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या खंडोबा यात्रेत घोड्यांइतकंच श्वान प्रदर्शनही रंगतं. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या जातीची निगुतीनं पैदास केली आणि एक जोडी इंग्लंडच्या पाचव्या जॉर्जला भेट दिली. तेव्हापासून संस्थानाचं नाव कुत्र्याला चिकटलं. २००५ मध्ये टपाल खात्यानं त्याच्यावर तिकीट काढलं. बागलकोट जिल्ह्यातल्या तिम्मापूरला त्याच्यासाठी सरकारी संशोधन केंद्र चालतं आणि करनालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोनं नोंदवलेल्या पहिल्या श्वान जातींत राजपालयम आणि चिप्पीपराईच्या जोडीला मुधोळ आहे.

समोरून पाहिलं तर कारवान एवढासा वाटतो. बाजूनं पाहावं, म्हणजे कळतं. निमुळतं लांब डोकं, खाली कोपरापर्यंत उतरलेली छाती, एकदम आत ओढलेलं पोट, कमरेच्या हाडांचे दोन उंचवटे, पातळ कातडीखाली दिसणाऱ्या शेवटच्या बरगड्या. खांद्यापाशी सव्वादोन फूट उंची असूनही वजन बहुधा तिशीच्या आतच. शेजारीपाजारी हमखास म्हणतात, “अहो, जरा खायला घाला की याला!” मालकानं ते मनावर घेऊ नये. हा देह असाच असायला हवा. तो उधळतो तेव्हा एका ढांगेत चारही पाय दोनदा जमीन सोडतात : एकदा अंग गोळा झालेलं असताना, एकदा पूर्ण ताणलेलं असताना. केस आखूड, चरबी नाही, दख्खनचं ऊन पिढ्यान्‌पिढ्या अंगावर घेतलेलं. महाराष्ट्राच्या हवेत धावणाऱ्या माणसाला याहून जुळणारा मोठा कुत्रा नाही, हे मत ठामपणे मांडायला हरकत नाही.

पण तो नजरेनं शिकार करणारा कुत्रा आहे आणि ते विसरणाऱ्यांमुळे अपघात होतात. पट्टा सैल धरून मालक चाललाय, कोपऱ्यावर मांजर बसलंय. कारवान भुंकत नाही. मान ताठ होते, कान मागे पडतात, पुढचा एक पाय अधांतरी थांबतो आणि पुढच्या क्षणी मालकाच्या हातात रिकामा पट्टा उरतो. मान आणि डोकं जवळपास सारख्याच जाडीचं, त्यामुळे साधा पट्टा कानांवरून सहज निसटतो, हार्नेसच वापरावा. रस्त्यावर किंवा गडावर त्याला मोकळं सोडायचं नाही, एकदाही नाही. सासवड-सुप्याच्या माळांवर चिंकारा आहेत, सोलापूरच्या नान्नजला काळवीट आहेत, ससे तर सगळीकडेच. १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा कुत्र्याकरवी केलेली शिकारही शिकारच मानतो. ‘त्याला जरा मोकळं पळू द्यावं’ म्हणून माळावर गाडी थांबवणाऱ्यांनी हे आधी समजून घ्यावं. त्याला मोकळं पळवायचं असेल, तर उंच कुंपणाचं मैदान हवं. घरात मात्र हा कुत्रा आश्चर्य वाटावं इतका शांत. कोपरा धरून तासन्‌तास झोपतो. अनोळखी हात अंगावर फिरलेला त्याला खपत नाही आणि पाहुण्यांनी ते मनाला लावून घेऊ नये.

जात कोणतीही ठरो, पिल्लू आणल्यावर पहिलं वर्ष-दीड वर्ष धावण्याचा हट्ट सोडावाच लागतो. मोठ्या जातींच्या हाडांच्या टोकांशी असलेल्या वाढीच्या कूर्चा बारा ते अठरा महिन्यांनी बंद होतात; ग्रेट डेनसारख्यांत त्याहून उशिरा. तोवर लांब पल्ल्याची दौड, सायकलमागची फरफट, रोजचे चार मजले जिने यांचा भार थेट त्या कूर्चांवर पडतो. आठ महिन्यांचं पिल्लू दिसायला पूर्ण कुत्रा वाटतं, म्हणूनच घोटाळा होतो. मोकळ्या जमिनीवर त्याला त्याच्या मर्जीनं बागडू द्यावं, थकलं की घरी आणावं. नसबंदीचा मुहूर्तही पशुवैद्यकाला विचारूनच काढावा. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेत गोल्डन रिट्रीव्हर आणि जर्मन शेफर्डवर झालेल्या अभ्यासांत वर्षाच्या आत नसबंदी केलेल्या कुत्र्यांमध्ये सांध्यांचे विकार जास्त आढळले.

खोल छातीच्या सगळ्याच कुत्र्यांना आणखी एक धोका असतो. भरल्या पोटी पळवलं, तर जठर वायूनं फुगून त्याला पीळ पडू शकतो. कुत्रा उलटीसाठी उमासे काढतो, पण बाहेर काही पडत नाही. पोट नगाऱ्यासारखं होतं. काही तासांत शस्त्रक्रिया झाली नाही तर जीव जातो. जेवण आणि व्यायाम यांत तास-दीड तासाचं अंतर राखावं, आणि रात्री उघडा असणारा दवाखाना कुठे आहे हे कुत्रा आणण्याआधीच शोधून ठेवावं. पावसाळी भटकंती करणाऱ्यांनी लेप्टोस्पायरोसिसची लस आणि गोचीडनाशक औषध चुकवू नये. गवतातून फिरून आलेल्या कुत्र्याचे कान आणि बोटांच्या बेचक्या त्याच संध्याकाळी तपासाव्यात. गोचीड तापानं धडधाकट कुत्रेसुद्धा आठवड्याभरात आडवे होतात.

नऊ टक्क्यांच्या त्या निष्कर्षातून एक सोपी वाट निघते आणि तिची दखल फार थोडे घेतात. पिल्लाऐवजी दीड-दोन वर्षांचा मोठा कुत्रा दत्तक घ्यावा. त्याची हाडं पक्की झालेली, स्वभाव समोर दिसणारा. निवारा केंद्रात जाऊन त्याला दोन-तीनदा फिरवून आणलं, की तो आपल्या वेगानं चालतो का, गाड्यांना घाबरतो का, मुलांपाशी कसा वागतो, हे स्वतःच्या डोळ्यांनी कळतं. केंद्रांत लॅब्रेडॉर, जर्मन शेफर्ड असे हौसेनं आणून सोडून दिलेले कुत्रे येत राहतात. शिवाय आपला गावठी कुत्रा. आकारानं तो मध्यम असेल, पण या हवेत दहा किलोमीटर पळून आल्यावरही त्याची शेपटी वरच असते.

तरीही कारवानचं पिल्लूच हवं असेल, तर सध्याच्या लाटेत दुप्पट सावध राहावं. २०२० मध्ये पंतप्रधानांनी देशी जातींचं नाव घेतलं होतं, तेव्हाही मुधोळच्या पिल्लांना एकदम मागणी आल्याच्या बातम्या होत्या. मागणी वाढली की ग्रेहाउंडशी संकर केलेली पिल्लं अस्सल म्हणून विकली जातात. २०१७च्या श्वान पैदास नियमांनुसार पैदास करणाऱ्याला राज्य प्राणी कल्याण मंडळाची नोंदणी बंधनकारक आहे, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही आणि मादीचं वर्षातून एकाहून जास्त वेत घेता येत नाही. नोंदणीचं प्रमाणपत्र मागा. पिल्लाची आई समोर आणायला सांगा, तिला चालताना पाहा, तिची किती वेतं झाली ते विचारा. विक्रेता टाळाटाळ करत असेल किंवा बसस्टँडवर येऊन पिल्लू हाती ठेवतो म्हणत असेल, तर पैसे देऊ नका.