पाण्याचा पाइप आणि व्हेंट: अंतर नेमकं कुठे ठेवायचं?

मंडळी, रत्नागिरीत घर बांधताना आपण प्लंबरला हमखास विचारतो, पिण्याच्या पाण्याचा पाइप आणि संडासाचा व्हेंट यांत किती अंतर ठेवायचं? तर्कशास्त्र शिकवताना आम्ही म्हणायचो, भीती वाटली की आधी रस्ता शोधा: इथून तिथे काय जाईल, आणि कशाने?

व्हेंटमधून पाणी वाहत नाही, हवा जाते-येते. फ्लश केल्यावर खाली धावणारं पाणी मागे ओढ निर्माण करतं. व्हेंट नसेल तर ती ओढ ट्रॅपमधलं साधारण 50 मिलिमीटर पाणी घेऊन जाते, आणि त्या पाण्याने अडवलेली घाण हवा घरात येते. तेव्हा भिंतीत हे दोन पाइप शेजारी असले तरी बिघडत नाही. दुरुस्तीला पाना फिरेल एवढी जागा सोडा, झालं.

धोका आहे तो जमिनीखाली, पाण्याचा पाइप आणि मैल्याचा पाइप यांच्यात. आपल्याकडे जांभा. चर खणायचा म्हणजे कातळ फोडायचा, म्हणून खर्च वाचवायला दोन्ही पाइप एकाच चरात, एकाच पातळीवर टाकतात. हे आम्हाला मुळीच पटत नाही. नळाला पाणी काही चोवीस तास नसतं. पाणी असतं तेव्हा पाइपाच्या भेगेतून ते बाहेर गळतं. पाणी गेलं की रिकामा होणारा पाइप त्याच भेगेतून बाहेरचं आत ओढतो. पावसाळ्यात चर तुडुंब भरलेला, त्यात शेजारचा मैल्याचा पाइप सांध्यात गळत असला तर आत काय येईल, सांगायला नको. गावच्या मुख्य जलवाहिनीसाठी सरकारी मार्गदर्शिकेत मैल्याच्या वाहिनीपासून 3 मीटर अंतर सांगितलंय. ते जमत नसेल तर जलवाहिनीचा तळ तिच्या माथ्यापेक्षा निदान अर्धा मीटर वर. आपल्या अंगणात 3 मीटर कुठून आणणार? पण वेगळा चर, आणि पाणी वर, मैला खाली, एवढं जमतंच.

राहिली गच्ची. सेप्टिक टाकी घरापासून 15 मीटरच्या आत असेल तर तिचा व्हेंट घराच्या माथ्यावर आणखी 2 मीटर न्यावा, असं भारतीय मानक सांगतं. पाण्याच्या टाकीच्या झाकणाशी त्याचं तोंड कधीच नको. तोंडाला डासांची जाळी हवी. साधी लोखंडी खाऱ्या वाऱ्यात गंजून जाते, तेव्हा स्टेनलेस स्टीलची लावा आणि पावसाळा सरला की एकदा वर चढून बघा.